एकाच रक्तावरचे दोन हात

पत्र:

मी ६१ वर्षांची, निवृत्त विज्ञान शिक्षिका. वजन ५५ किलो. पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळावरून पाय घसरला, उजव्या हातावर पडले आणि मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. ते कापल्यावर आतून निघालेला हात माझा वाटेना. शिवणाच्या टेपने मोजला, तर कोपराखाली डाव्यापेक्षा दोन सेंटिमीटर कमी भरला. फिजिओथेरपिस्ट म्हणतात, पाण्याची बाटली उचलत जा. भाचा जिमला जातो. तो म्हणतो, आधी स्नायू फाटले पाहिजेत, दुखलं नाही तर वाढलं नाही, बाटलीने काय होणार? मुलाने पुण्याहून प्रोटीन पावडरचा डबा पाठवलाय. शेजारच्यांनी ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शन सुचवलंय. तीस वर्षं मी मुलांना 'स्नायू आकुंचन पावतात आणि शिथिल होतात' एवढंच शिकवलं. पण बाटली उचलल्याचं स्नायूला कळतं कसं आणि कळल्यावर तो वाढतो कसा? 'व्यायाम केला की वाढतो' हे उत्तर नको, रेणूंपर्यंत जाऊन सांगा. आणि या वयात ते होईल का, हेही.
– एक वाचक, जिल्हा सातारा

बाई, नमस्कार.

वाचकांना मी एरवी ताई-दादा म्हणतो. पण ज्यांनी तीस वर्षं हातात खडू धरला त्यांना 'बाई'च म्हणायची शाळेतली सवय अजून जात नाही.

तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तुमच्या टेपनेच दिलंय. डावा आणि उजवा हात एकाच रक्तावर पोसलेले. हृदय तेच, जेवण तेच, संप्रेरकं तीच, वयही तेच. तरी सहा आठवड्यांत एक वाळला आणि दुसरा होता तसाच राहिला. स्नायूने वाढावं की आटावं हा हुकूम रक्तातून येत असता, तर तो दोन्ही हातांना सारखाच पोचला असता. हुकूम निघतो त्या त्या स्नायूत, किंबहुना त्याच्या एकेका तंतूत, जागच्या जागी. आणि तो काढतो ताण.

हा नुसता तर्क नाही. १९६७ साली आल्फ्रेड गोल्डबर्ग या अमेरिकी शास्त्रज्ञाने उंदरांच्या पोटरीतल्या मोठ्या स्नायूची कंडरा कापून तो निकामी केला. चालण्याचा भार शेजारच्या स्नायूंवर आला आणि काही दिवसांतच ते जाड झाले. इथवर नवल नाही. पण काही उंदरांची पीयूषिका ग्रंथी त्याने आधीच काढून टाकली होती, म्हणजे ग्रोथ हार्मोनचा झराच बंद. या उंदरांची अंगाची वाढ खुंटली होती, तरीही भार आलेला स्नायू वाढलाच.

माणसांवरचा प्रयोग तर तुमच्या टेपचाच थोरला भाऊ शोभेल. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात १२ तरुणांनी १५ आठवडे दंडाचा व्यायाम केला. एका दिवशी एका हाताचा, बस. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या हाताचा, आणि त्याच्या पाठोपाठ पायांचा दमवणारा व्यायाम, जेणेकरून रक्तात टेस्टोस्टेरॉन आणि ग्रोथ हार्मोन उसळावं. २०१० मध्ये निकाल छापून आला: दोन्ही दंड सारखेच वाढले. हार्मोनची ती उसळी फुकट गेली.

तेव्हा शेजाऱ्यांच्या इंजेक्शनचा निकाल इथेच लावून टाकू. धडधाकट वयस्कांना ग्रोथ हार्मोन दिलं, तर चरबी सोडून उरलेलं वजन थोडं वाढतं. त्यात पाण्याचा वाटा असतोच, आणि ताकद काही वाढत नाही. वर अंगावर सूज येते, सांधे दुखतात आणि मनगटातून जाणारा मज्जातंतू दाबला जाऊ शकतो. मोडून जुळलेल्या मनगटाला ही भेट नको. शेजाऱ्यांना चहा पाजा आणि विषय बदला.

आता ताण कळतो कसा ते पाहू. बाटली उचलताना काय होतं ते तुम्ही फळ्यावर काढलेलं आहे: मायोसिनची डोकी ॲक्टिनला धरतात, ओढतात, सोडतात. शाळेचं पुस्तक इथे थांबतं. पण त्या घरात एक तिसरी दोरी आहे आणि तिची ओळख सहसा कुणी करून देत नाही. तिचं नाव टायटिन. माहीत असलेल्या प्रथिनांमध्ये सगळ्यांत मोठं. इन्सुलिन ५१ अमिनो आम्लांचं असतं, हे सुमारे ३४,००० अमिनो आम्लांचं. सार्कोमिअर म्हणजे आकुंचनाचं एक घर, दोन-अडीच मायक्रोमीटर लांबीचं. त्याच्या कडेच्या भिंतीपासून थेट मधल्या रेषेपर्यंत टायटिनचा एकच रेणू स्प्रिंगसारखा पसरलेला असतो. मधल्या रेषेकडच्या टोकाला त्यात विकराचा एक भाग घडी घालून बसवलेला आहे. खेच पडली की घडी उलगडते, आत झाकलेली जागा उघडी पडते, तिथे दुसरी प्रथिनं येऊन जोडली जातात आणि त्यांच्यामार्फत निरोप केंद्रकापर्यंत जातो. हे २००५ मध्ये दाखवलं गेलं. दार ओढलं की बिजागरी कुरकुरते आणि माजघरातल्यांना कळतं ना कुणीतरी आलंय, तसं समजा. वेगळी घंटा बांधलेली नाही, दाराचाच एक भाग बोलतो.

ताण तंतूच्या दोन टोकांकडेच जातो असंही नाही. तो आडवा, तंतूच्या पटलाकडेही जातो. तिथे इंटिग्रिन नावाची प्रथिनं पटलाच्या आरपार रोवलेली असतात आणि बाहेरच्या कोलॅजनच्या जाळीला आतल्या सांगाड्याशी टाचून ठेवतात, गोधडीचे थर टाक्यांनी धरावेत तशी. गोधडी ओढली की आधी टाके ताणले जातात. या टाक्यांच्या आतल्या बाजूला फोकल ॲडहीजन कायनेज हे विकर असतं आणि ताणाने ते जागं होतं. कायनेज म्हणजे दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेट चिकटवणारं विकर, हे तुम्हाला सांगायला नको. पेशीतले निरोप बहुतेक या फॉस्फेटच्या चिकटवण्या-काढण्यानेच पुढे सरकतात. याखेरीज सार्कोमिअरच्या भिंतीत फिलॅमिन नावाचं प्रथिन असतं. ते ताणाने उलगडून खराब होतं, बॅग-३ नावाचं प्रथिन त्याला उचलून मोडीत काढतं आणि त्याच वेळी नवं फिलॅमिन बनवायचीही सोय लावतं. यातली पहिली कुरकुर नेमकी कुणाची, यावर शास्त्रज्ञांची अजून भांडणं चालू आहेत. ती भांडणं वाचायला मला फार आवडतात, पण तुमच्या बाटलीला त्यांनी फरक पडत नाही.

हे निरोप येऊन ज्या एका टेबलावर पडतात त्याचं नाव एमटॉर. या नावामागे एक बेट आहे. १९६४ च्या अखेरीस कॅनडाची एक वैद्यकीय मोहीम प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर गेली. बेटाचं तिथलं नाव रापा नुई. तिथल्या मातीचे नमुने माँट्रियलच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत पोचले आणि त्यांतल्या एका जीवाणूपासून बुरशी मारणारं रसायन मिळालं. ते वेगळं काढणारे सुरेन सेहगल, आपल्याकडचे, पंजाबात जन्मलेले. रापा नुईवरून नाव पडलं रॅपामायसिन. पुढे कंपनीने ती प्रयोगशाळा बंद केली, काम गुंडाळलं गेलं, तेव्हा सेहगलांनी ते जीवाणू घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवले, अशी त्यांची गोष्ट सांगतात. १९९९ मध्ये तेच रसायन मूत्रपिंडाच्या रोपणानंतर द्यायचं औषध म्हणून अमेरिकेत मंजूर झालं. ते पेशीत ज्या प्रथिनाला जाऊन अडवतं, त्याचं नाव ठेवलं 'टार्गेट ऑफ रॅपामायसिन', थोडक्यात टॉर. आधी ते यीस्टमध्ये सापडलं, मग सस्तन प्राण्यांत, म्हणून पुढे 'एम' लागला.

स्नायूंचा अभ्यास करणाऱ्यांच्या हाती अशी आयतीच चावी आली. एमटॉर बंद केला तर काय होतं? २००१ मध्ये उंदरांच्या स्नायूंवर भार टाकून सोबत रॅपामायसिन दिलं, तेव्हा वाढ जवळजवळ थांबली. २००९ मध्ये हेच माणसांत पाहिलं. तरुणांनी पायांचा जड व्यायाम केला. ज्यांनी औषध घेतलं नव्हतं त्यांच्या स्नायूंत प्रथिनं बनण्याचा वेग तासा-दोन तासांत सुमारे ४० टक्क्यांनी वाढला. ज्यांनी आधी रॅपामायसिन घेतलं होतं त्यांच्यात तो हललाच नाही. वजन तेच उचललं, घामही तेवढाच गाळला, पण टेबलावरचा माणूसच जागेवर नव्हता.

आता तुम्हाला आवडेल असा भाग. हे टेबल मांडलंय कुठे? लयकारिकेवर! पुस्तकांतून आपण जिला 'आत्मघाती पिशवी' म्हणून बदनाम केलं, तीच. पेशीतला केरकचरा जिथे विरघळवला जातो, त्याच पिशवीच्या बाहेरच्या अंगाला वाढीचा निर्णय होतो. आणि ते सयुक्तिकच आहे, कारण मोडीतून सुटलेली अमिनो आम्लं तिथेच हाताशी असतात. शिल्लक माल किती हे बघूनच नवं बांधकाम काढायचं.

बँकेचं लॉकर दोन किल्ल्यांनी उघडतं, एक आपली, एक बँकेची. एमटॉरचंही साधारण तसंच. पहिली किल्ली अमिनो आम्लांची, विशेषतः ल्यूसिनची. सेस्ट्रिन-२ नावाचं प्रथिन ल्यूसिन पकडतं, आणि पकडलं की एमटॉरला लयकारिकेकडे नेणारी वाट मोकळी होते. दुसरी किल्ली ताणाची. लयकारिकेवर ऱ्हेब नावाचं छोटं प्रथिन बसलेलं असतं. तेच एमटॉरला चालू करतं, पण टीएससी-२ नावाचं दुसरं एक प्रथिन त्याला दाबून धरतं. ताणलेल्या स्नायूत टीएससी-२ ला फॉस्फेट चिकटतं आणि ते लयकारिकेपासून दूर जातं. ऱ्हेब सुटतो, एमटॉर चालू होतो. (उपमा जरा लंगडी आहे हे कबूल. नुसतं खाल्ल्यानेही हे लॉकर थोडा वेळ किलकिलं होतं आणि उपाशीपोटी व्यायाम केला तरी होतं. पण नीट उघडायचं तर दोन्ही किल्ल्या लागतात.)

एमटॉर चालू झाला की तो रायबोसोमच्या कामावरचा अडसर काढतो. एक प्रथिन संदेशवाहक आरएनएच्या वाचनाच्या पहिल्याच पायरीवर हात ठेवून बसलेलं असतं. एमटॉर त्याला फॉस्फेट चिकटवतो आणि तो हात उठतो. तयार पडलेले संदेश वाचले जाऊ लागतात, नवं ॲक्टिन, नवं मायोसिन बनू लागतं. एमटॉर ज्या दुसऱ्या विकराला जागं करतो त्याचं नाव एस-सिक्स कायनेज. १९९९ मध्ये उंदरांवर असं दिसलं की व्यायामानंतर सहा तासांनी ज्या स्नायूत हे विकर जास्त फॉस्फेट लावून बसलेलं होतं, सहा आठवड्यांनी तोच स्नायू जास्त वाढलेला होता. पहिल्या संध्याकाळीच पुढचं लिहिलं गेलं होतं म्हणायचं. रोज असं चालू राहिलं तर पेशी नवे रायबोसोमही बांधते, म्हणजे उत्पादन वाढवून न भागल्याने कारखान्यात नवी यंत्रं आणते.

किती वेळ चालतं हे? एका व्यायामानंतर माणसाच्या स्नायूत प्रथिनं बनण्याचा वेग तीन तासांनी ११२ टक्क्यांनी, २४ तासांनी ६५ टक्क्यांनी आणि ४८ तासांनीसुद्धा ३४ टक्क्यांनी वाढलेला मोजला गेलाय, १९९७ साली. म्हणून एका स्नायूचा व्यायाम दिवसाआड केला तरी पुरतो. रोज सकाळ-संध्याकाळ बाटलीमागे लागायचं कारण नाही.

पण याच व्यायामाने मोडतोडही वाढते. स्नायू म्हणजे वाड्यासारखी एकदा बांधून झालेली वस्तू नव्हेच. तो सतत एका बाजूने उसवतो आणि दुसऱ्या बाजूने विणला जातो. तुमच्या प्लास्टरमध्ये झालं ते हेच: टायटिनला खेच नाही, टाक्यांना ताण नाही, दुसरी किल्ली कुणी लावलीच नाही. विणणं मंदावलं, उसवणं चालू राहिलं. उसवण्याच्या कामाला मदत करणारी दोन जनुकं २००१ मध्ये सापडली, मर्फ-१ आणि ॲट्रोजिन-१. टाकाऊ प्रथिनांवर 'मोडीत काढा' अशी युबिक्विटिनची चिठ्ठी चिकटवणारी. माणसात मात्र हात बांधून ठेवल्यावर मुख्य फटका बसतो तो विणकाम मंदावल्याचा. तुमचा स्नायू मेला नाही, त्याला काम नव्हतं म्हणून तो आटोपशीर झाला. घरी माणसं कमी झाली की आपण भातही कमीच लावतो.

आता भाचेबुवांचं. 'स्नायू फाटतो आणि मग जाड होऊन जुळतो' हे मीही वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना सांगत आलो, फळ्यावर तुटलेल्या रेघा काढून. त्याची आता लाज वाटते. ब्राझीलच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दहा तरुणांचा दहा आठवडे पाठपुरावा केला. पहिल्या व्यायामानंतर सगळ्यांत जास्त इजा झाली, प्रथिनंही सगळ्यांत जास्त बनली, पण त्या आकड्यांचा पुढच्या वाढीशी मेळ बसेना. ती प्रथिनं डागडुजीतच खर्च झाली होती. तिसऱ्या आणि दहाव्या आठवड्यात इजा कमी झाली, आणि तेव्हाचं प्रथिन बनणं मात्र स्नायूच्या वाढीशी जुळलं. इजा ही वाढीची किंमत नाही, पहिल्या दिवसांचा दंड आहे. ताण पडला पाहिजे, फाटायला नको. दुसऱ्या दिवशी थोडं अवघडलं तर घाबरू नका, नाही अवघडलं तर व्यायाम वाया गेला असंही समजू नका. आणि ते अवघडणं लॅक्टिक आम्लाचं नसतं. ते तासाभरात निघून गेलेलं असतं.

बाटलीबद्दल त्याची शंका मात्र अगदीच पोकळ नाही. स्नायूतले सगळे तंतू एकदम कामाला लागत नाहीत. आधी लहान गट, मग गरज पडेल तसे मोठे. हलकी बाटली पाच वेळा उचलून ठेवून दिली तर लहान गटांनीच काम उरकलं, मोठ्यांना जाग आलीच नाही. आणि वर म्हटलं तसं, ज्या तंतूला खेच नाही त्याचं लॉकर बंद. पण तीच बाटली उचलत राहिलात, हात भरून आला, लहान गट थकले, की मोठ्यांना यावंच लागतं. मॅकमास्टरमध्येच २०१२ साली हे करून बघितलं: एका वेळी जेमतेम उचलता येईल अशा वजनाच्या ८० टक्के वजनाने आणि ३० टक्के वजनाने, दोन्हींनी थकेपर्यंत व्यायाम केला तर दहा आठवड्यांनी वाढ जवळपास सारखी. जड वजनाने ताकद जास्त येते हे खरं, पण जाडीसाठी हलकं वजन चालतं. अट एकच, शेवटचे दोन-तीन उचल जड गेले पाहिजेत. भाच्याला सांगा, बाटलीचं वजन बघू नकोस, शेवटच्या उचलीतला माझा चेहरा बघ.

तर असं करा. हाड जुळल्याचं अस्थितज्ज्ञांनी सांगितलेलं आहे ना, ते आधी पक्कं करा, कारण मांस तयार असलं तरी हाडाची परवानगी लागते. मग कोपर टेबलावर, मनगट कडेबाहेर, तळवा वर, अर्ध्या लिटरची बाटली. मनगट हळू वर, त्याहून हळू खाली. मग तळवा खाली करून तसंच. पंधरा-वीस उचलींत दम लागला पाहिजे. थोडं थांबून पुन्हा, असं दोन-तीन वेळा, आठवड्यातून तीन दिवस. पंचवीस सहज व्हायला लागल्या की पाणी वाढवा. बाटलीचा हाच तर फायदा, वजन पेल्यापेल्याने वाढवता येतं, जिममध्ये ते कुठलं? मधल्या दिवसांत टॉवेल पिळा, कणीक तिंबा. श्वास कोंडून उचलू नका, रक्तदाब उगाच चढतो. फिजिओथेरपिस्टनी काही वेगळं सांगितलं असेल तर माझं बाजूला ठेवा. त्यांनी तुमचा हात पाहिलाय, मी फक्त पत्र.

डाव्या हातानेही जोरदार व्यायाम करा. हे ऐकून तुम्ही म्हणाल, आत्ताच तर सांगितलंत की हुकूम जागच्या जागी निघतो. बरोबर. जाडीचा हुकूम जागच्या जागीच निघतो. पण ताकद म्हणजे केवळ जाडी नव्हे. तंतूंचे किती गट एकदम आणि किती वेगाने बोलवायचे हे मेंदू आणि मज्जारज्जू शिकतात, आणि एका हाताला शिकवलेलं दुसऱ्यालाही थोडं येतं. हे १८९४ पासून ठाऊक आहे. मनगट मोडलेल्या पन्नाशीपुढच्या बायकांवरच २०१३ मध्ये याचा अभ्यास झाला. ज्यांनी धडक्या हाताचा व्यायाम केला त्यांच्या मोडलेल्या हाताची पकड बारा आठवड्यांनी जास्त चांगली होती. पहिल्या महिन्यात तुम्हाला डब्याचं झाकण उघडता येऊ लागेल आणि टेप मात्र तेवढीच दाखवेल, तेव्हा हे आठवा. आधी मज्जासंस्था शिकते, मांस मागून येतं.

वयाचं विचारलंत. साठीनंतर दोन्ही किल्ल्या जरा गंजतात हे खरं. तेवढंच जेवण, तेवढाच व्यायाम, पण प्रथिनं बनण्याचा प्रतिसाद तरुणपणापेक्षा कमी. गंजतात, मोडत नाहीत. १९९० मध्ये अमेरिकेत एका शुश्रूषागृहातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा माणसांना आठ आठवडे पायांचा जड व्यायाम दिला. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि मांडीतल्या स्नायूचा छेद ९ टक्क्यांनी. तुम्ही त्यांच्या लेकी शोभाल. शिवाय तुम्ही नव्याने काही बांधत नाही आहात, होतं ते परत आणता आहात, आणि तिथे आणखी एक सोय आहे. स्नायूतंतू विभागत नाही, पण त्याच्या कडेला चिकटून सॅटेलाइट पेशी झोपलेल्या असतात (१९६१ मध्ये अलेक्झांडर मॉरो यांनी त्या बेडकाच्या स्नायूत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या). भार आला की त्या जाग्या होऊन विभागतात आणि आपली केंद्रकं तंतूला देऊन टाकतात. २०१० मध्ये नॉर्वेच्या संशोधकांना उंदरांत दिसलं की स्नायू पुढे आटला तरी ही मिळवलेली केंद्रकं निघून जात नाहीत. माणसांतही असंच होतं का यावर वाद आहे. पण गमावलेला स्नायू पहिल्यांदा कमावण्यापेक्षा लवकर परत येतो, हे तालमीतल्या कुठल्याही वस्तादाला विचारा.

पहिली किल्ली राहिली, जेवणाची. तुमच्या वयात किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिन धरलं तर रोज ५५ ते ६६ ग्रॅम. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारून ठरवा. आपल्याकडे बायकांच्या जेवणात प्रथिन कमी असतं त्याहून मोठी अडचण म्हणजे ते विखुरलेलं असतं: सकाळी चहा-पोहे, दुपारी आमटीचं पाणी, रात्री खिचडी. गंजलेल्या किल्लीला एका वेळी जोर लागतो. प्रत्येक जेवणात वीसेक ग्रॅम येतील असं बघा. ५० ग्रॅम कोरड्या मटकीच्या उसळीत ११-१२ ग्रॅम, पेलाभर दुधात ६-७, अंड्यात ६, मूठभर शेंगदाण्यांत ७. ज्वारीच्या भाकरीतूनही पाच-सहा मिळतात. भाकरीत लायसिन कमी आणि डाळीत मेथिओनिन कमी, म्हणून दोघी एका ताटात असल्या की एकमेकींची उणीव भरतात.

डबा फेकू नका, मुलाने प्रेमाने पाठवलाय. तो व्हे प्रोटीनचा असेल तर त्यात जादू काही नाही. पनीर केल्यावर जे हिरवट पाणी उरतं आणि आपण त्यात कणीक मळतो, त्याच प्रकारच्या पाण्यातलं प्रथिन गाळून सुकवलेलं. ल्यूसिन भरपूर, पचायला हलकं. ज्या दिवशी जेवणात उसळ-दूध नीट झालं नाही त्या दिवशी एक चमचा घ्या. पण बाटली न उचलता घेतलंत तर ते दोन्ही हातांना सारखंच पोचेल आणि दोघांतला फरक तेवढाच राहील.

दोन गोष्टी माझ्या विषयाबाहेरच्या, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. उभ्या उभ्या घसरून मनगट मोडलं, आणि वय ६१. म्हणजे हाडं ठिसूळ झाली आहेत का हे बघायलाच हवं. डेक्सा नावाची हाडांची घनता मोजणारी तपासणी करून घ्या, सोबत 'ड' जीवनसत्त्वही. हे कुणी सुचवलं नसेल तर तुम्ही विचारा. आणि अंगठा व शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येत असतील, रात्री हात झटकावा लागत असेल, किंवा अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा खोलगट दिसत असेल, तर ते बाटलीचं काम नाही. मनगटात मज्जातंतू दाबला गेला असण्याची शक्यता असते. डॉक्टरांकडे लगेच जा.

माप दर महिन्याला घ्या, त्याआधी नको, नाहीतर चिडचिड होईल. कोपराच्या हाडापासून चार बोटं खाली पेनाने खूण करा आणि दोन्ही हात तिथेच मोजा, सकाळी, व्यायामाआधी. टेप एका हाताने धरून सारखी बसत नाही. भाच्याला बोलवा, त्यालाच आकडे लिहायला सांगा, आणि तीन महिन्यांनी मला कळवा.